टीओएसचं ऑपरेशन : गोव्यात राहून सर्जन कसा शोधायचा आणि नंतर घरी काय काय करायचं

फोंड्याजवळच्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना उजवा हात जड व्हायचा, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, आणि दोनतीन मिनिटांत खडू हातातून सुटायचा. रात्री हात उशाशी घेऊन झोपले की मुंग्यांनी जाग यायची. केस विंचरताना, दोरीवर कपडे घालताना, चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीची फळं बांधताना तर अगदी नको व्हायचं. हे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम आहे, म्हणजे टीओएस, हे कळायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली. मधल्या काळात मणके झिजलेत म्हणून गळ्याला कॉलर लावली, मग मनगटात नस दबलीय म्हणून पट्टा बांधला, एका ठिकाणी तर टेन्शन घेऊ नका एवढंच सांगून घरी पाठवलं. ऑपरेशन होऊन आता दीड वर्ष होऊन गेलं आणि ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, औषधाचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, पण धावपळ कुठे वाचते आणि कुठे वाचवायची नाही ते मी सांगू शकते.

आधी जागा समजून घ्या, कारण पुढे सर्जनशी बोलताना याच शब्दांत बोलावं लागतं. मानेतून हाताला जाणाऱ्या नर्व्हचा जुडगा आणि हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी हे दोन्ही मानेच्या बाजूला स्केलीन नावाचे दोन स्नायू आहेत त्यांच्या फटीतून बाहेर पडतात, पहिल्या बरगडीवरून आणि हासळीच्या हाडाखालून, म्हणजे कॉलरबोनखालून, जातात आणि मग छातीवरच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूच्या खालून काखेत उतरतात. रक्त परत आणणारी शीर पुढच्या स्केलीनच्या पुढून जाते. या वाटेत कुठेही आवळलं की त्रास. शंभरात एखाद्या माणसाला जन्मापासून मानेला एक जास्तीची बरगडी असते, सर्व्हायकल रिब म्हणतात. माझ्या पहिल्याच एक्सरेत ती दिसत होती पण सगळे मणके बघत होते, त्या बरगडीवर कोणी बोटच ठेवलं नाही. आणि एक, आपल्याकडे नस हा शब्द नर्व्हलाही वापरतात आणि शिरेलाही. डॉक्टर "नस दबलीय" म्हणाले की लगेच विचारा, नर्व्ह का रक्तवाहिनी? यावरच पुढचं सगळं ठरतं.

कारण याचे प्रकार तीन. नर्व्ह दबणं, शीर दबणं, आणि रक्त नेणारी धमनी दबणं. दहातले नऊपेक्षा जास्त लोक पहिल्या प्रकारातले, त्यांना त्रास खूप असतो पण घाई नसते, सर्जन शोधायला महिना-दोन महिने घेतले तर चालतं. शिरेचा प्रकार वेगळा. हात सतत वर करून जोर लावणारी माणसं, म्हणजे नारळ काढणारे पाडेली, रंगारी, पोहणारे, जिममधे वजन मारणारी मुलं, यांच्यात एक दिवस अचानक सगळा हात सुजतो, निळसर होतो, खांद्यावर आणि छातीवर शिरा उठून दिसतात. ती आत गुठळी झालेली असते. तिथे सर्जन शोधत बसायचं नाही, त्याच दिवशी १०८ला फोन करून नाहीतर मिळेल त्या गाडीनं मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं, कारण गुठळी विरघळवायचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांच्या आत चांगला लागू पडतो आणि बरगडी काढायचं नंतर ठरतं. धमनीचा प्रकार सगळ्यात कमी दिसतो, बहुतेक वेळा सर्व्हायकल रिबमुळेच, बोटं थंड, पांढरी पडतात, टोकाला काळे ठिपके किंवा न भरणारी जखम होते. तेही त्याच दिवशीचं काम. जेल लावून, शेक देऊन वाट बघू नका.

बाकीचं मी लिहितेय ते मुख्यतः नर्व्हच्या प्रकाराबद्दल.

गोव्यात सुरुवात कुठून करायची? थेट मुंबई-बंगलोरला फोन लावू नका. फॅमिली डॉक्टर, म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं हॉस्पिसिओ म्हणतात ती जिल्हा हॉस्पिटलं, जे जवळ असेल तिथून चिठ्ठी घ्या आणि बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखवा. तिथे न्यूरोलॉजी, न्यूरोसर्जरी, हृदय-छाती-रक्तवाहिन्यांची सर्जरी, प्लास्टिक सर्जरी हे विभाग एकाच आवारात आहेत. ओपीडीची रांग मोठी असते, एक अख्खा दिवस जातो हे धरूनच जा, डबा आणि पाणी घेऊन. पण तिथे मिळालेला कागद पुढे पैशांच्या कामालाही लागतो, त्याचं खाली सांगते.

टेस्टमधे मानेचा एक्सरे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी, आणि रिपोर्टमधे सर्व्हायकल रिब आहे की नाही हे स्पष्ट लिहून मागा. मानेचा एमआरआय करतात तो मुख्यतः डिस्क दबलेली नाही ना हे बघायला. एनसीव्ही आणि ईएमजी, ज्यात करंट देऊन नर्व्ह तपासतात, ती नॉर्मल आली म्हणून टीओएस नाही असं होत नाही. सुरुवातीच्या काळात ती बऱ्याच जणांची नॉर्मलच येते, माझीही आली होती, आणि त्या नॉर्मल रिपोर्टमुळे माझं एक वर्ष गेलं. हात खाली आणि हात वर अशा दोन्ही स्थितींत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करतात. एक टेस्ट घरी पण समजते, दोन्ही हात वर करून कोपर काटकोनात आणि तीन मिनिटं मुठी उघड-बंद करायच्या, रूस टेस्ट म्हणतात. मला पाऊण मिनिटात हात खाली टाकावा लागला होता. पण यावर एकट्यानं निदान करू नका, मनगटातली किंवा कोपरातली नर्व्ह दबली असेल त्यांनाही या टेस्टमधे त्रास होतो. हात वर-मागे नेल्यावर नाडी लागत नाही एवढ्यावरून टीओएस आहे म्हणणाऱ्यावर तर मुळीच विसंबू नका, चांगल्या धडधाकट माणसांचीही नाडी तशी मंदावते.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली टेस्ट म्हणजे स्केलीन ब्लॉक. सोनोग्राफीवर बघत बघत पुढच्या स्केलीन स्नायूत भुलीचं इंजेक्शन देतात, स्नायू काही तास सैल पडतो, आणि त्या वेळात त्रास कमी झाला तर निदान पक्कं व्हायला मोठी मदत होते, शिवाय ऑपरेशनचा फायदा होईल का याचाही थोडा अंदाज येतो. इंजेक्शननंतर थोडा वेळ आवाज घोगरा होऊ शकतो, पापणी जड वाटू शकते, म्हणून सोबत कोणी तरी न्या आणि स्वतः स्कूटर चालवून परत येऊ नका. मी त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून हात वर धरला, पाच मिनिटं, दहा मिनिटं, करंगळीला मुंग्या आल्याच नाहीत. रडू आलं मला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी तरी मला खरं मानलं असं वाटलं.

आणि तरी लगेच ऑपरेशन नाही. नर्व्हच्या प्रकारात सहा आठवडे ते तीन महिने नीट फिझिओ करून बघतात, अपवाद म्हणजे हाताचा स्नायू वाळायला लागला असेल किंवा ताकद झपाट्यानं कमी होत असेल तर. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो एका हाताचा सपाट दिसतोय का बघा, दिसला तर फिझिओत वेळ न घालवता सर्जनकडे जा. फिझिओ असा शोधा जो आधी श्वास शिकवेल, कारण आपण छातीच्या वरच्या भागानं श्वास घेतो तेव्हा स्केलीन दिवसभर ताणलेले राहतात. पहिल्याच दिवशी डंबेल हातात देणारा फिझिओ या आजाराला नको.

आता सर्जन. या ऑपरेशनसाठी, म्हणजे बरगडी आणि स्केलीन स्नायू काढून दबलेली वाट मोकळी करायला, एक ठरलेली स्पेशालिटी नाही, इथेच सगळे गोंधळतात. व्हॅस्क्युलर सर्जन करतात, छातीचे सर्जन करतात, न्यूरोसर्जन करतात, आणि ब्रेकियल प्लेक्ससचं, म्हणजे हाताच्या त्या नर्व्हच्या जुडग्याचं, काम करणारे प्लास्टिक किंवा हँड सर्जनही करतात. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा हे ऑपरेशन तो माणूस नेहमी करतो का हे महत्त्वाचं. शीर किंवा धमनीचा प्रकार असेल तर मात्र व्हॅस्क्युलर सर्जनच हवा. नाव मिळालं की नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे त्यात ते टाकून बघा, नोंदणी आणि डिग्री दिसते, पाच मिनिटांचं काम आहे आणि फुकट आहे. नावं मिळवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमचा न्यूरोलॉजिस्ट आणि फिझिओ. फिझिओला विशेष करून विचारा कारण ऑपरेशननंतरची माणसं त्यांच्याकडे येतात, कोणाचे पेशंट सुधारतात आणि कोणाचे वर्षभर लटकतात ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

गोव्यात होत असेल तर इथेच करा, घरच्यांची सोय मोठी असते. नाहीच झालं तर आपली माणसं जातात त्या वाटा ठरलेल्याच आहेत : बेळगाव, मणिपाल, मुंबई, पुणे, बंगलोर, वेल्लोर. पण हॉस्पिटल मोठं म्हणून जाऊ नका, तिथे हे ऑपरेशन कोण करतं ते फोनवर विचारून मगच तिकीट काढा. आधी रिपोर्ट पाठवून व्हिडिओवर बोलायची सोय बरेच डॉक्टर देतात, एक फेरी वाचते. एमआरआय आणि सीटीचा फक्त कागद पुरत नाही, सीडी हवी. सेंटरवाल्यांकडून सीडी मागून घ्या आणि घरी एका पेनड्राइव्हवर कॉपी ठेवा.

मी दोघांना भेटले. पहिल्यानं माझ्या हाताला हात न लावता फाइल चाळली आणि म्हणाले, बाई, छोटंसं ऑपरेशन आहे, सोमवारी ॲडमिट व्हा. दुसऱ्यांनी पाऊण तास तपासलं, दोन्ही हातांची ताकद मोजली, मला कागदावर लिहायला लावलं, हात वर ठेवून भिंतीवर बोट फिरवायला लावलं, आणि शेवटी म्हणाले की आधी आठ आठवडे फिझिओ करून या, नाही सुधारलं तर बोलू. मी दुसऱ्यांकडे केलं. जो सर्जन तुम्हाला ऑपरेशनची घाई करत नाही त्याच्याकडे परत जावंसं वाटतं, निदान माझं तरी तसं झालं.

प्रश्न वहीत लिहून न्या, आत गेल्यावर आठवत नाही. हे ऑपरेशन वर्षाला किती करता, आणि त्यात माझ्यासारख्या नर्व्हच्या प्रकारातले किती? हा पहिला प्रश्न विचारायला संकोच वाटतो, आपल्याला डॉक्टरला असं विचारायची सवय नाही, पण चांगला सर्जन रागवत नाही. काखेतून करणार का मानेतून? काखेतून केलं तर व्रण दिसत नाही, हा रस्ता रूस यांनी १९६६ मधे मांडला, त्यांच्याच नावाची ती तीन मिनिटांची टेस्ट. हासळीच्या वरून केलं तर नर्व्ह समोर दिसतात, स्केलीन स्नायू आणि जास्तीची बरगडी नीट काढता येते. माझं मानेतून झालं कारण जास्तीची बरगडी होती. दोन्ही रस्ते चालतात, फक्त तुमच्या बाबतीत हाच का ते त्यांना सांगता आलं पाहिजे. पहिली बरगडी काढणार का, आणि मागच्या बाजूला किती तुकडा ठेवणार? मागे लांब तुकडा राहिला तर काही जणांना पुढे परत त्रास होतो. पेक्टोरॅलिस मायनरही सोडवायचा आहे का? काही जणांची अडचण तिथेच असते आणि तेवढ्या लहान ऑपरेशननं भागतं.

मग धोक्यांचं विचारा आणि त्यांच्या तोंडून ऐका. फुप्फुसाभोवती हवा शिरणं, रक्तस्राव, श्वासाचा पडदा हलवणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला धक्का, जिला इजा झाली की पाठीचं फरं (खांद्यामागचं चपटं हाड) बाहेर येतं ती लाँग थोरॅसिक नर्व्ह, हाताच्या मुख्य नर्व्हनाच इजा, डाव्या बाजूला असेल तर लिंफची नळी फुटून दुधासारखा द्रव येणं. हे सगळं प्रत्येकाला होत नाही, पण जो "काही होत नाही हो" म्हणतो त्याच्याकडे मी माझी मान देणार नाही. आणि शेवटचा प्रश्न, तुमच्या पेशंटपैकी ज्यांना फरक पडला नाही त्यांचं काय झालं? माझ्या सर्जननी दोन मिनिटं विचार करून दोन केसेस सांगितल्या, नाव न घेता, काय चुकलं असेल तेही सांगितलं. तिथेच मी ठरवलं.

एक डॅश नावाचा तीस प्रश्नांचा फॉर्म असतो, बरणी उघडता येते का, जड पिशवी उचलता येते का, असे प्रश्न, त्याचा शंभरपैकी स्कोअर निघतो, जितका जास्त तितका त्रास जास्त. अकरा प्रश्नांचा छोटा फॉर्मही आहे. सर्जननी नाही दिला तरी फिझिओकडून ऑपरेशनच्या आधी भरून ठेवा, नंतर सुधारणा किती झाली ते मनाच्या अंदाजावर सोडायला नको.

पैशांचं थोडक्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते ठरलेल्या यादीतल्या ऑपरेशनांना आणि ठरलेल्या हॉस्पिटलांना, म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या डेस्कवर तुमच्या ऑपरेशनचं नाव दाखवून यादीत बसतं का ते विचारा. गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात होत नसलेल्या उपचारांसाठी आरोग्य खात्याची मेडिक्लेम योजना आहे, तिथे जीएमसीचा कागद लागतो आणि मंजुरी आधी घ्यायची असते, ऑपरेशन करून येऊन मग बिलं घेऊन कांपालला आरोग्य संचालनालयात गेलात तर अडचण होते. खाजगी विमा असेल तर कागदावर नुसतं "हात दुखणे" नको, पूर्ण निदान हवं, आजाराचा कोड जी ५४.० असतो, तो लिहिलेला असला की कॅशलेसवाले कमी फाटे फोडतात. आम्हा सरकारी नोकरांचं रिइम्बर्समेंट वेगळं, तुमच्या ऑफिसच्या क्लार्कला महिनाभर आधी भेटा.

निघायच्या आधी घर लावून घ्या, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगते. वरच्या फळीवरचं रोजचं सगळं, चहासाखर, डाळी, कुकर, कमरेच्या उंचीवर आणा. नारळ खवून डब्यांत भरून फ्रीझरमधे ठेवा, कारण विळीवर बसून खवणं तीन महिने विसरायचं. पुढून बटणं असलेले गाऊन किंवा मिस्टरांचे जुने शर्ट काढून ठेवा, डोक्यावरून घालायचं काही चालत नाही. ब्राचा पट्टा नेमका हासळीवर येतो, पहिले काही आठवडे तो नको, पुढून बंद होणारी सैल स्लिप शिवून घ्या. विहिरीचं पाणी ओढणारं दुसरं कोणी तरी ठरवा. आणि बिछान्यापेक्षा आरामखुर्ची तयार ठेवा, पहिला आठवडा मी तीतच झोपले, हाताखाली एक उशी आणि मांडीवर एक.

हॉस्पिटलात मी चार दिवस होते. जाग आली तेव्हा मानेला नळी होती, ती दुसऱ्या दिवशी काढली, छातीचा एक्सरे काढला हवा नाही ना बघायला. दुखतं ते मानेपेक्षा पाठीत, फऱ्याच्या आतल्या बाजूला, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरले होते. बॉल वर ओढायचं ते श्वासाचं यंत्र देतात, दुखलं तरी दर तासाला करा. दुखणं थांबवायच्या गोळ्या वेळेवर घ्या, सहन करून श्वास वर वर घेतलात तर फुप्फुसात कफ साठतो. हासळीखालची कातडी बधिर राहते, काखेतून केलं तर दंडाची आतली बाजू बधिर राहते, ते हळूहळू कमी होतं, काहींना थोडं कायमचं राहतं.

बाहेरगावी केलं असेल तर लगेच परत निघू नका, पहिली तपासणी होईपर्यंत जवळच कुठे तरी राहा. आम्ही बारा दिवस थांबलो. विमानाचं तिकीट डॉक्टरांनी एक्सरे बघून हो म्हटल्याशिवाय काढू नका, छातीत हवा राहिली असेल तर वर गेल्यावर ती पसरते, मग दाबोळी असो नाहीतर मोपा. रेल्वेत खालचा बर्थ आणि सामान उचलायला माणूस. आम्ही कोकणकन्येनं आलो. बेळगावहून गाडीनं येणार असाल तर अनमोड काय आणि चोर्ला काय, घाटाची वळणं मानेला लागतात, सावकाश या. गाडीत बसायची जागा सुद्धा विचार करून घ्या : उजव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर डाव्या सीटवर बसा म्हणजे पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, डाव्या बाजूचं असेल तर मागे उजवीकडे.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे मान आणि खांदा जरा जरा हलवत राहायचं, फिझिओनी दाखवलं तेवढंच. हात झोळीत अडकवून दिवसभर बसू नका, खांदा आखडतो आणि नर्व्हच्या भोवती व्रण चिकटतो. नर्व्ह सरकवायचे व्यायाम असतात, ग्लायडिंग म्हणतात, ते हळू आणि थोडे, मुंग्या यायला लागल्या की थांबायचं. ताणून धरायचं नाही. आपल्याकडे येणारी जाणारी माणसं सांगतात, हात चोळ, तेल लाव, पंचकर्म कर, जोरात व्यायाम कर. सासूबाईंनी प्रेमानं खोबरेल गरम करून आणलं होतं, त्यांना मी समजावून सांगितलं की टाक्यांवर आणि मानेवर कोणी चोळायचं नाही, मग त्या पायांना लावून द्यायच्या, झोप छान लागायची.

पहिले सहा आठवडे दोन किलोपेक्षा जड काही नाही, म्हणजे पाण्यानं भरलेली कळशी नाही, नातवंड-लेकरू कडेवर नाही, भरलेला कुकर एका हातानं नाही. टेबलावरचं काम असेल तर चार ते सहा आठवड्यांनी लोक परत जातात, अंगमेहनतीचं असेल तर तीन महिने धरा, आणि तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. स्कूटर मी दोन महिन्यांनी घेतली, मान दोन्हीकडे पूर्ण वळते आणि ब्रेक करकचून दाबता येतो हे उभ्या गाडीवर बघूनच. कदंबच्या बसमधे जागा नसेल तर दुसरी बस बघा, वरचा दांडा धरून फोंडा ते पणजी जायचं नाही.

शाळा जूनमधे सुरू झाली तेव्हा मला सहा आठवडे झाले होते. फळ्याचा फक्त खालचा अर्धा भाग वापरायचे, वरची तारीख आणि सुविचार चौथीतली एक उंच मुलगी लिहायची, तिला तो मोठा मान वाटायचा. पाऊस लागल्यावर घरात उंच दोऱ्या बांधतात कपड्यांना, आम्ही त्या वर्षी खुर्च्यांच्या पाठींवर आणि खालच्या स्टँडवरच वाळवलं. चवथीला माटोळी मिस्टर आणि दिरांनी बांधली, मी खाली बसून कवंडळं आणि सुपाऱ्यांचे शिपटे हातात देत होते.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं बरी झाले, पाचव्या आठवड्यात परत मुंग्या, आणि मी रात्रभर रडले की ऑपरेशन फुकट गेलं. तसं नव्हतं. व्रण घट्ट होताना आणि नर्व्ह जाग्या होताना असं होतं. दबून नुसती सुस्त झालेली नर्व्ह लवकर सुधारते, पण जिचे तंतूच मेलेत ती दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते, म्हणजे महिन्याला तीन सेंटिमीटर, आणि मानेपासून बोटापर्यंत अंतर किती आहे ते हात लांब करून बघा. दोन वर्षांचा हिशोब होतो. म्हणून वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नसतं आणि म्हणूनच तो वाळायच्या आधी निदान व्हायला हवं. मी एक वही ठेवली होती, दर रविवारी हात वर ठेवून भिंतीवर किती मिनिटं लिहिता येतं ते. आधी तीन मिनिटं होती, तिसऱ्या महिन्यात बारा, वर्षानं शाळेतला पस्तीस मिनिटांचा अख्खा तास. एका एका दिवसाकडे बघितलं तर धीर सुटतो, वहीतल्या आकड्यांकडे बघा.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. दम लागणं किंवा छातीत दुखणं, ताप, टाक्यातून पू किंवा दुधासारखा द्रव, हात अचानक सुजणं किंवा निळा-पांढरा पडणं, हाताची ताकद एकदम जाणं, पोटरी दुखून सुजणं. यातलं काही झालं तर सर्जनना फोन आणि तेव्हाच जवळच्या कॅज्युअल्टीत. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमधे ठेवा, कारण मध्यरात्री कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला पहिली बरगडी काढलीय हे कळलं पाहिजे. पाठीवर सपाट झोपल्यावर दम लागत असेल पण बसल्यावर बरं वाटत असेल तर फ्रेनिक नर्व्हचं असू शकतं, पुष्कळदा काही महिन्यांत सुधारतं, पण ते सर्जनना सांगा, स्वतःच ठरवू नका.

तीन महिने, सहा महिने आणि वर्षानं दाखवायला जा, बरं वाटत असलं तरी. वर्षभरानंतर जुनाच त्रास परत वाढत चालला तर आधी फिझिओ, मग नवा एक्सरे, मागे बरगडीचा तुकडा राहिलाय का आणि पेक्टोरॅलिस मायनरखाली दबतंय का ते बघतात, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ आली तर ते करण्याचा अनुभव असलेला सर्जन वेगळा शोधावा लागतो, व्रणातून परत नर्व्ह सोडवणं जास्त अवघड असतं. त्या वेळी पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स लागतात, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही, काय कापलं आणि काय ठेवलं ते लिहिलेला ऑपरेशन नोट. हॉस्पिटल सोडतानाच लेखी अर्ज करून त्याची कॉपी घ्या, मी घेतली नव्हती, आणि नंतर तेवढ्यासाठी मिस्टरांना एक मुंबई फेरी करावी लागली.